घागरीच्या आतलं नाव

गणपतीच्या देवळाकडून तासगावच्या पेठेत शिरलं की डाव्या हाताला भांड्यांची तीन दुकानं होती. त्यांतल्या मधल्या दुकानाच्या पायरीवर पोतं अंथरून मी सात-आठ वर्षं बसलो. माझं काम भांड्यांवर नावं घालायचं. एक लहान हातोडी, तीन छिन्न्या आणि भांडं डगमगू नये म्हणून खाली ठेवायची वाळूची पिशवी, एवढीच हत्यारं. गिऱ्हाईक आत भांडं पसंत करायचं आणि बाहेर येऊन माझ्यापुढं उकिडवं बसायचं. मग नाव सांगायचं. नुसतं नाव नाही. कुणाकडून, कुणाला, कशाबद्दल, गाव कोणतं. मी आधी खडूनं लिहून दाखवायचो आणि मग ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उठवायचो.

आमचं घर कल्हईवाल्याचं. अब्बा ओढ्याकाठच्या लिंबाखाली भट्टी पेटवून बसायचे. मला सातवीपर्यंत शाळा मिळाली. माझं बाळबोध अक्षर मास्तरांना आवडायचं, ते दुकानाच्या मालकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. अब्बांना फार बरं वाटलं. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण अब्बांचं बोलणं मी इथं मराठीतच सांगतो.

या कामात मला भांडी वाचायचा नाद लागला. कल्हईला आलेली जुनी भांडी मी दुकानातून सुटल्यावर अब्बांकडे जाऊन उलटीपालटी करत बसायचो. एका परातीवर पहिल्या बायकोचं नाव होतं आणि खाली, वेगळ्या हाताचं, दुसरीचं. मधे बोटभर जागा मोकळी सोडलेली. एका तांब्यावर सहा बहिणींनी मिळून एका भावाला दिल्याचं कोरलं होतं. सहाही नावं त्यात बसवताना कारागिराची इतकी तारांबळ उडाली होती की शेवटची बहीण पार बुडापाशी गेली होती. एका पितळी डब्यावर नाव नाही, गाव नाही, फक्त 'हा डबा परत करणे' एवढंच. तो डबा कल्हईला घेऊन आलेल्या माणसाला मी विचारलं, "हा तुमचाच का?" तर तो नुसता गालात हसला.

अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं आहे ते त्यांना माझ्याआधी कळायचं. एकदा त्यांनी माझा हात धरून एका घागरीत घातला. "गळ्याखाली बोट फिरव." बोटाला बारीक बारीक मोहऱ्यांसारखं काही लागलं. बाहेरून ठिपका मारला की पातळ पत्रा आतल्या बाजूला उठतो. कल्हईचा हात वरून फिरला तरी तो उंचवटा जात नाही. "बाहेरचं नाव पुसता येतं," अब्बा म्हणाले, "आतलं काढायला घागर फोडावी लागते." ते हे अगदी सहज बोलले होते. कथील लावताना फडकं कुठं अडखळतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मग लढाई सुरू झाली. पहिली एक-दोन वर्षं काही जाणवलं नाही. पुढं सांगलीहून येणारा माल कमी कमी होत गेला, आणि बेचाळीसनंतर तर दुकानाच्या फळ्या उघड्या पडल्या. तांबं-पितळ लढाईला लागतंय म्हणायचे. लग्नं मात्र थांबत नव्हती आणि रुखवतात भांडी मांडायची रीतही थांबत नव्हती. मग लोक घरातली जुनी भांडी काढून आणू लागले. जुनं नाव काढायचं आणि नवं घालायचं. माझं काम तेव्हापासून उलटं झालं. आधी कानशीनं हलकं घासायचं, मग बोथट हातोडीनं ठोकून पत्रा सारखा करायचा, शेवटी चिंच आणि राख लावून उजळायचं. बारीक नजरेच्या माणसाला तिथं थोडा फिका डाग दिसायचा. बाकी कुणाला नाही.

सुरुवातीला मला ते नकोसं व्हायचं. आजीचं नाव काढून नातीचं घालायचं, यात वाईट काही नव्हतं, आजीच समोर बसून सांगायची, "खोड रं बाबा, आता म्या काय घेऊन जानार हाय." पण कुणाचं नाव काढतोय आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारायची सवय मी लावून घेतली नाही. आज मागं बघताना वाटतं, सगळं तिथंच चुकलं.

चैत्रात एक जण बैलगाडी घेऊन आला. पन्नाशीचा, पांढरा पटका, बोलायला गोड. तासगावपासून तीन कोसांवरच्या एका गावातला चांगला बागायतदार. त्याच्या शब्दावर त्या गावच्या निम्म्या लग्नांची खरेदी आमच्या दुकानात व्हायची, म्हणून मालक स्वतः उठून पायरीवर आले. गाडीत कडब्यावर पाच भांडी होती: तांब्याची घागर, हंडा, परात आणि दोन तपेली. घागरीवर आटपाडीकडच्या एका खेड्याचं नाव, बापाचं नाव, 'मुलीस लग्नात' असं लिहून पुढं मुलीचं नाव होतं. त्या मुलीच्या नावात कारागिराकडून एक काना राहिला होता आणि तो मागाहून दोन अक्षरांच्या मधे दाटीवाटीनं बसवला होता.

"ही कुणाची?" मी विचारलं. चौकशी म्हणून नव्हे, तो काना बघून गंमत वाटली म्हणून.

"घरचीच हायती की. धाकट्या भावजयीची. भाऊ माझा पलटणीत, ब्रह्मदेशाकडं. वरीस झालं, बेपत्ता म्हनून कागद आलाय. तिला एकलीला एवढी भांडी काय करायची? माझ्या पोरीचं लगीन हाय. तिनंच दिल्यात." मग पुन्हा म्हणाला, "तिनंच दिल्यात आपखुशीनं."

मी तसं काही विचारलं नव्हतं, तरी त्यानं ते दोनदा सांगितलं. हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.

"घे रे करायला," मालक म्हणाले.

दोन दिवस लागले. तो मागाहून घातलेला काना जोरात मारलेला होता, तो लवकर निघेना. शेवटी निघाला. त्या जागी मी माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात त्याच्या लेकीचं नाव घातलं, आणि शेवटी एक लहानसं कमळ काढलं. कमळ त्यानं सांगितलं नव्हतं. मीच हौसेनं काढलं.

चार-पाच दिवसांनी भर उन्हात एक बाई पायरीपुढं येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. पाय धुळीनं घोट्यापर्यंत पांढरे. कपाळावर कुंकू होतं. कागद बेपत्त्याचा होता, मेल्याचा नव्हता.

"आवं, हितं नावं खोडत्यात ती तुमीच काय?"

"नावं घालतो."

"आन् खोडता बी?"

मी छिन्नी खाली ठेवली.

"आटपाडीकडची घागर आल्ती तुमच्याकडं. गळ्याखाली नाव हुतं. त्यात एक काना मागनं घातल्याला."

"आली होती."

"म्या न्हाई दिली ती. मला इचारलं बी न्हाई. शेजारणीकडं पापड लाटाय गेल्ते, घरी आले तर फडताळ रिकामं. भांडी परत आली तवा शाळंतल्या पोराकडनं वाचून घेतलं, तर त्यावर दुसऱ्याच पोरीचं नाव." ती रडत नव्हती. सांगत होती. "माझ्या बानं चांगली धा मेंढरं इकून घेतल्याली भांडी हायती ती. घागरीवर नाव घालताना कारागिराकडनं काना ऱ्हायला. घरी आल्यावर मास्तरांनी वाचून सांगितलं, तवा बा घागर डोक्यावर घिऊन परत आटपाडीला गेला. कारागीर म्हनला, आसू दे की, कोन वाचतंय. तर बा म्हनला, पोरीनं अर्धं नाव कशापायी घिऊन जायाचं?"

मी मान खाली घालून ऐकत होतो. मला त्या कारागिराची वेडीवाकडी अक्षरं डोळ्यांपुढं दिसत होती. मी ती दोन दिवस न्याहाळली होती, आणि मग काढून टाकली होती.

"सोमवारी पंच बसनार हायती," ती म्हणाली. "तुमी येऊन एवढंच सांगायचं, आधी कुनाचं नाव हुतं. याल का?"

"येतो."

"नक्की?"

"अल्लाची शपथ घेऊ?"

"शपथ नगं. नुसतं या."

ती गेली. मालक आतून ऐकत होते. ते वाईट माणूस नव्हते. आमच्या घरी आजारपणात त्यांनी दोनदा डॉक्टर पाठवला होता. ते बाहेर आले, माझ्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पंचांनी बोलावलं तर तुला जावंच लागेल. जाऊ नको असं मी म्हणत नाही. पण दिवसाला इतकी भांडी तुझ्या हाताखालून जातात. एकेकावर काय होतं ते ध्यानात असलंच पाहिजे असं कुठं आहे?"

मी छिन्नी पुन्हा हातात घेतली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आत गेले.

सोमवारी मी त्या गावात गेलो. मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर पाच-सहा म्हातारी माणसं बसली होती. पाचही भांडी मधे मांडली होती, उन्हात चकचकत होती. ती एका खांबाच्या आड पदर घेऊन उभी होती. तिच्या माहेरचं कुणी आलेलं नव्हतं. तिच्या बापाला निरोप पोचला नव्हता, की पोचू दिला नव्हता, ते मला कळलं नाही. तिच्या थोरल्या दिरानं, त्या पांढऱ्या पटक्यावाल्यानं, मला बघून हात वर केला आणि "या या, कारागीर," म्हणून घोंगड्यावर जागा दिली.

तिनं खांबामागूनच सांगितलं, भांडी माझी आहेत, माझं नाव होतं, नाव खोडणारा माणूस इथं बसलाय, त्याला विचारा.

मधले म्हातारे माझ्याकडे वळले. "काय रं गड्या, ह्या घागरीवर आधी कुनाचं नाव हुतं?"

मी घागरीकडं बघितलं. माझंच काढलेलं कमळ वर होतं.

"भांडी लय येतात," मी म्हणालो. "ध्यानात राहत न्हाई."

"खोडलं तर तूच न्हवं?"

"घासून दिलं. त्यावर काय होतं ते सांगता यायचं न्हाई."

तेव्हा ती खांबामागून पुढं आली. कुणाला न विचारता खाली बसली, घागर मांडीवर घेतली आणि तिच्यात मनगटापर्यंत हात घातला. थोडा वेळ तशीच बसली. मला वाटलं, भांड्याचा शेवटचा निरोप घेतेय. मग तिनं हात बाहेर काढला, माझ्याकडं एकदा बघितलं, घागर होती तिथं ठेवली आणि परत खांबाकडं गेली.

नावाचा पुरावा नाही, घरातली भांडी घरातच राहत आहेत, असं पंचांनी ठरवलं. परत येताना दिरानं मला गाडीतून तासगावच्या वेशीपर्यंत सोडलं. वाटेत उसाचे करवे खायला दिले. मी ते खाल्ले.

पुढं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की त्या गावात आमच्या माणसांची दोनच घरं, त्यांना त्रास झाला असता. तसं काही झालं नसतं. त्या दोन घरांना कुणी कधी त्रास दिला नव्हता. खरी गोष्ट एवढीच की मालकांनी खांद्यावर ठेवलेला हात मला मोडवला नाही. मला ती पायरी हवी होती.

दुसऱ्या दिवशी अब्बांना मी सगळं सांगितलं. ते परात चिमट्यात धरून तापवत होते. त्यांनी नवसागर टाकला, धूर उठला, आणि तो ओसरल्यावर त्यांनी विचारलं,

"आतनं हात लावून दाखवलास का?"

"नाही."

"आठवलं नव्हतं?"

"आठवलं होतं."

त्यांनी परात बाजूला ठेवली. "मग आजच जाऊन सांग."

"आता पंच उठले. आता काय उपयोग?"

अब्बा पुन्हा भात्याला लागले. त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. लग्न झालं, भांडी त्या मुलीबरोबर तिच्या सासरी गेली, आणि बाजाराला आलेल्या एका माणसाकडून कळलं की धाकटी सून माहेरी निघून गेली. मी नावं काढत राहिलो आणि घालत राहिलो.

असा दीड-पावणेदोन वर्षांचा काळ गेला. लढाई संपली. पौषात औंधाला यमाईची यात्रा भरते, तिथं मालकांनी त्या वर्षी टेकडीच्या पायथ्याशी भांड्यांचं पाल टाकलं. मी नावं घालायला, आणि शेजारी अब्बा कल्हई करायला, असे आम्ही दोघंही गेलो होतो. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मालक म्हणाले, "वर संग्रहालय आहे, बघून ये. लांबून लांबून लोक येतात." मी चढून गेलो.

असं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. गार फरशी, मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड, भिंतीभर चित्रं. यात्रेला आलेली माणसं चपला हातात घेऊन, देवळात फिरावं तशी दबकत फिरत होती. बाया चित्रातल्या बायांच्या लुगड्यांबद्दल कुजबुजत होत्या. एक म्हातारा एका संगमरवरी बाळापुढं उभा राहून नकळत त्याच्याशी बोबडं बोलत होता. मला ते सगळं फार आवडलं. वाटलं, कुणीतरी ही प्रत्येक वस्तू हातात घेऊन, ही टिकली पाहिजे असं म्हणून इथं ठेवली आहे.

एका बाजूच्या काचेच्या कपाटात रोजच्या वापरातली भांडी होती. तिथं माझे पाय आपोआप थांबले. दिवे, पंचपात्री, अडकित्ते, आणि मधे एक तांब्याचा जुना कळशीवजा तांब्या. घडण सुंदर होती. शेजारच्या चिठ्ठीवर धातू लिहिला होता आणि भांडं कशासाठी वापरत ते. मी वाकून बघितलं. गळ्याखाली चार बोटं लांब आणि दोन बोटं रुंद अशी फिकी जागा होती.

तिथं पगडीवाला एक वयस्क शिपाई उभा होता. मी त्याला विचारलं, "हे कुणाचं होतं?"

"कुनाचं ते न्हाई ठावं. जुनं हाय लय."

"इथं नाव होतं."

त्यानं वाकून बघितलं. "न्हाई, नाव कुटलं? खरचाटलंय त्ये."

"नाव होतं. काढलंय. मी हेच काम करतो. कपाट उघडलंत तर आत बोट घालून सांगतो, किती अक्षरं होती ती."

शिपाई हसला, पण प्रेमानं. "बाबा, हितं हात लावायचा न्हाई. फकस्त बगायचं."

तो दुसऱ्या माणसांकडं गेला. मी तिथंच उभा राहिलो. शाळेची काही मुलं आली. त्यांच्या मास्तरांनी तांब्याचा आकार दाखवला, कडा कशी वळवली आहे ते समजावून सांगितलं. ते सगळं बरोबर होतं. पण त्या मोठ्या इमारतीत त्या क्षणी फक्त मला ठाऊक होतं की हे भांडं कुणाच्या तरी बापानं, भावानं किंवा मामानं नाव घालून दिलं होतं, आणि नंतर माझ्यासारख्याच कुणीतरी ते काढलं होतं. तो जो कोण होता, त्यालाही कुणी येऊन विचारलं असेल का? त्यानंही 'ध्यानात नाही' म्हटलं असेल का? तो आता मेला असणार. आता ते कपाट उघडलं, तरी नाव कळेल, पण कुणाला परत देणार?

माझी ती बाई मात्र जिवंत होती, आणि तिच्या गावाचं नाव मी स्वतःच्या हातानं घासून काढलं होतं, त्यामुळं ते मला पाठ होतं.

खाली येऊन मी अब्बांना म्हणालो, "मी आटपाडीकडं जाऊन येतो." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. काळ्या हातांनीच भाकरी फडक्यात बांधून दिली आणि म्हणाले, "मालकांना मी सांगतो."

मायणी, विटा अशा मोटारी बदलत दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या बाजूला पोचलो. पुढं दोन कोस चाललो. पाऊस कमी झालेला, तरी शाळू कणसाला आला होता आणि रानात ठिकठिकाणी माळे उभे होते. विचारत विचारत तिच्या बापाच्या रानात गेलो. बाप बांधावर बसून दोर वळत होता. ती माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं उडवत होती. तिनं मला लांबूनच ओळखलं असावं, कारण मी जवळ येईपर्यंत गोफण थांबली होती.

ती खाली उतरली. "ह्यो तासगावचा कारागीर," तिनं बापाला सांगितलं, एवढंच. म्हाताऱ्यानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. तो मातीचा होता.

मी पाणी न पिताच बोलायला लागलो. म्हणालो, मी खोटं बोललो. मला आठवत होतं. आणि पुरावाही होता. घागरीच्या आत अजून तुमचं नाव आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी, उलटं, पण आहे. मी येतो, पंचांपुढं हात घालून वाचून दाखवतो.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय की."

"काय?"

"आत नाव हाय त्ये. रोज घासायची म्या ती घागर. बोटाला लागायचंच. त्या दिवशी बी हात घालून बगितलं. हुतं तितंच."

"मग तुम्ही बोललात का नाही?"

"म्या बोलले आस्ते तर म्हनले आस्ते, भांड्याला पोचं पडल्यात. बाईमानसाच्या बोटाला काय वाचाय येतंय? त्ये नाव हाय म्हनून तुमीच सांगाय पायजे हुतं. म्हनून तुमच्याकडं बगितलं."

म्हातारा दोर वळायचा थांबला होता. तो मला काहीतरी बोलेल असं वाटलं. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, "जेवला न्हाईस न्हवं?"

"मी आता येतो पंचांपुढं," मी पुन्हा म्हणालो. "उद्या चला. आजच चला."

"आता कशाला?" ती म्हणाली. "ती पोर बाळंत झालीया. त्याच घागरीतलं पानी तापवून लेकराला आंगूळ घालत असंल. तिचं काय चुकलंय? तिला कुटं ठावं हाय. ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, तुम्हाला नवी घागर आणून देतो, नाव घालून, काना-मात्रा सगळं नीट. ते शब्द तोंडातून बाहेर पडतानाच मला लाज वाटली. तिनं मान हलवली. रागानं नव्हे. पाखरांचा एक थवा उतरला तेव्हा ती दोन पावलं पुढं गेली, ओरडून तो उडवला आणि परत आली.

"तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनं," ती म्हणाली. "एक काम कराल? हितल्या एका सुभेदारांनी सांगितलंय, साताऱ्याला कचेरीत अर्ज घाला, मालकांचं काय झालं त्ये पलटणीकडनं कळवत्यात. दोन येळंला लिवून घेतला. एकानं मालकांचं गाव चुकीवलं, एकाचं अक्षर कुनाला लागंना. तुमी लिवा."

मालक म्हणजे तिचा नवरा. म्हातारा घरी जाऊन कागद आणि टाक-दौत घेऊन आला. बांधावर, उलट्या पाटीवर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. ती सांगत गेली: पलटण कोणती, नंबर काय, कधी गेले, शेवटचं पत्र कुठून आलं, त्यात काय होतं. नंबर तिला पाठ होता. तो तिनं असा म्हटला की जणू देवाचं नाव घेतेय. शेवटच्या पत्रात त्यानं विचारलं होतं, की शेळी व्याली का. अर्जात हे लिहायचं नसतं, असं मी म्हणालो. "लिवा," ती म्हणाली, "त्यांचंच पत्र हुतं हे कळंल त्येस्नी." मी लिहिलं.

खाली अर्जदार म्हणून तिचं नाव लिहिलं. तिनं कागद हातात घेतला, तिला वाचता येत नव्हतं तरी त्या ओळीकडं बराच वेळ बघत राहिली, आणि मग अंगठा उठवला. म्हाताऱ्यानं मला भाकरी आणि हुरडा खायला घातला. ऊन कलायच्या आत मी निघालो. तिनं वाट दाखवली, आणि ती परत माळ्यावर चढली.

तासगावला आलो, मालकांनी नेहमीसारखं काम पुढं सरकवलं. मी पायरीवर परत बसलो. पुढं जुनं नाव काढायचं काम आलं, की मी विचारू लागलो, हे कुणाचं आहे आणि त्यांना ठाऊक आहे का. बहुतेक जण हसून सांगायचे. एक-दोन जण चिडून भांडं उचलून घेऊन गेले, तेव्हा मालकांनी आतून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. ज्या पायरीसाठी मी गप्प बसलो होतो, ती मला कुणी कधी सोडायला लावली नसती, हे मला तेव्हा कळलं. ते आणखी वाईट वाटलं.

त्या अर्जाचं काय झालं ते मला कळलं नाही. उत्तर आलं का, आलं तर त्यात काय होतं, ती कपाळाला कुंकू लावत राहिली की नाही, यांतलं काहीच मला ठाऊक नाही. आटपाडीकडची माणसं बाजाराला यायची. कुणालाही विचारता आलं असतं. एखादा दिवस काढून मला स्वतःला जाता आलं असतं. मी जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि गेलो नाही.